सोसायटीत कॅमेरे बसवताना: काय दिसावं आणि काय दिसू नये

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकच्या कुठल्याही भागातल्या चार मजली इमारतीत जा, गेटवर, पार्किंगमध्ये आणि जिन्यात कॅमेरे दिसतील. बहुतेक ठिकाणी ते एखादी दुचाकी चोरीला गेल्यावर घाईघाईत बसवलेले असतात. एक मीटिंग होते, तीन कोटेशनं येतात, सगळ्यात स्वस्त माणसाला काम मिळतं आणि वायर जिथे सहज पोचते तिथे तो कॅमेरा ठोकून जातो. पुढे कधीतरी फुटेज काढायची वेळ येते तेव्हा कळतं की गाडीचा नंबर वाचता येत नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत कोण बसलंय ते मात्र स्वच्छ दिसतं.

चोर न दिसणं आणि शेजारी दिसणं, हे दोन्ही एकाच चुकीतून होतं: कॅमेऱ्याकडून नेमकं काय हवंय हे आधी ठरलेलं नसतं. म्हणून हे काम वायरीपासून नाही, कागदापासून सुरू करायचं. पुढचं सगळं साधारण ३० ते ४० फ्लॅटच्या सोसायटीला धरून लिहिलं आहे. रो-हाऊसच्या गल्लीला किंवा पंचवटीतल्या सामायिक चौकाच्या वाड्यालाही ते थोड्या फरकाने लागू पडतं.

आधी ठराव

प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एक वाक्य लिहा: हा कॅमेरा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार? "गेटमधून आत-बाहेर जाणाऱ्या वाहनाचा नंबर आणि चालकाचा चेहरा" हा प्रश्न झाला. "सुरक्षेसाठी" हा प्रश्न नाही, कारण त्यात काहीही बसतं. वाक्य लिहिता येत नसेल तर तो कॅमेरा लावू नका. या एका नियमाने १६ कॅमेऱ्यांचं कोटेशन बऱ्याचदा ७-८ वर येतं.

त्याच कागदावर दुसरं वाक्य लिहा: हे चित्रण कशासाठी वापरायचं नाही. इथे मोघम राहू नका. कोणाची मुलगी किती वाजता घरी आली, कोणाकडे कोण पाहुणा आला, भाडेकरूंकडे किती जण राहतात, घरकामाच्या मावशी किती मिनिटं उशिरा आल्या, वॉचमन किती वेळा उठला, या कामांसाठी फुटेज उघडायचं नाही, असं शब्दांत लिहा. चोरासाठी लावलेला कॅमेरा माणसं मोजायला लागतो तो कोणाच्या वाईट हेतूमुळेच असं नाही. सोय हाताशी असते आणि "जरा बघू" म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून तसं होतं. मनाई लिहून ठेवलेली असेल तर सेक्रेटरीला "ठरावात बसत नाही" एवढं म्हणून नकार देता येतो आणि नात्यात कटुता येत नाही.

हे कागद सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या, फक्त कमिटीच्या बैठकीत नको. नोटिशीसोबत कॅमेऱ्यांचा साधा नकाशा लावा: इमारतीचा आराखडा, प्रत्येक कॅमेऱ्याची जागा आणि त्याच्या नजरेचा त्रिकोण. भाडेकरूंना सभेत मत नसतं, पण कॅमेऱ्यासमोरून रोज तेही जातात. त्यांच्याकडून लेखी हरकती मागवा. वॉचमनला आणि कामाला येणाऱ्यांनाही तोंडी विचारा.

कायद्याची बाजू थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही. सोसायटी ही संस्था आहे, तिने त्या सवलतीवर विसंबू नये. त्या तारखेआधी नियमांतली जतन, लॉग आणि माहितीगळतीची कलमं सोसायटीच्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. एकत्र घरात इतर रहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग आहे, असा निकाल कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाड्यात भाऊबंदकीतून कॅमेरे लागतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लेन्सचं गणित

खासगीपणा जपायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे योग्य लेन्स. बाजारात सर्रास मिळतात त्या २.८, ३.६ आणि ६ मिमीच्या. आकडा लहान तितकी नजर रुंद. इन्स्टॉलर २.८ सुचवतात, कारण मॉनिटरवर "सगळं दिसतं" आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण सगळं दिसलं की ओळखू काहीच येत नाही.

अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायला चित्रात एका मीटर रुंदीमागे साधारण २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे ओळख पटेल अशी चौकट जास्तीत जास्त साडेसात मीटर रुंद. २.८ मिमीच्या लेन्सला ही रुंदी जेमतेम ३ मीटर अंतरावर गाठली जाते, ३.६ ला साडेचार मीटरवर, ६ मिमीला ८ मीटरच्या आसपास. त्यापलीकडे माणूस हललेला दिसतो, कोण ते कळत नाही. मॉडेलप्रमाणे यात थोडा फरक पडेल.

यावरून जागा ठरतात. गेटपासून ७-८ मीटरवर ६ मिमीचा एक कॅमेरा, जमिनीपासून अडीच ते तीन मीटर उंचीवर, फक्त गेटच्या कमानीकडे. तो अरुंद असल्यामुळे समोरच्या बंगल्याचं अंगण आपोआप चौकटीबाहेर राहतं. चार-पाच मीटर उंचीवर लावला तर वरून टोप्या आणि हेल्मेटच दिसतात. पार्किंगमध्ये खांबाला ३.६, गाड्यांच्या ओळीच्या समांतर, घरांच्या खिडक्यांकडे पाठ करून. लिफ्टच्या तळमजल्यावरच्या दारासमोर एक. जिन्यात प्रत्येक मजल्यावर कॅमेरा लावायची टूम आहे, ती टाळा. मजल्यावरचा कॅमेरा चोरापेक्षा रहिवाशांच्या दारांवरच जास्त नजर ठेवतो: कोणाकडे कोण आलं, किती वेळ थांबलं. तळमजल्यावरून वर जाणारा माणूस आधीच टिपलेला असतो.

गच्चीवर कॅमेरा नको, गच्चीच्या दारावर आतून लावा. उन्हाळ्यात तिथे कुरडया-पापड वाळत असतात, बायका निवांत बसतात, मुलं झोपतात. पाण्याच्या टाकीची काळजी असेल तर टाकीच्या झाकणाला कुलूप लावा. लहान मुलांच्या खेळायच्या जागेत कॅमेरा हवाच असेल तर तो फाटकाकडे तोंड करून, खेळावर नाही. स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली यांच्या आसपासही नको. बायकांचं खासगी क्षणांतलं चोरून चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तरी १ ते ३ वर्षं कैद. कोणाही व्यक्तीच्या खासगी अवयवांचं चित्रण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली येतं.

वॉचमनच्या केबिनमध्ये तर कॅमेरा नकोच. बारा तासांच्या ड्युटीत तो माणूस तिथे जेवतो, शर्ट बदलतो, पाठ टेकतो. त्याचं काम गेटवर दिसतं, कॅमेरा तिथे आहेच.

रात्री आठची फेरी

कॅमेरे बसले की इन्स्टॉलर दुपारी मॉनिटरवर चित्र दाखवतो आणि सही घेतो. सही देऊ नका. दिवसा खिडकीच्या काचेत आकाशाचं प्रतिबिंब असतं, आतलं काही दिसत नाही. रात्री आठ वाजता घरात दिवे लागतात आणि तीच काच पडद्यासारखी उघडते: हॉलमधला टीव्ही, ओट्यापाशी उभी असलेली बाई, सगळं. म्हणून शेवटची तपासणी दिवेलागणीनंतरच करायची. एकाने मॉनिटरसमोर बसायचं, दुसऱ्याने फोनवर बोलत प्रत्येक खिडकीखाली, बाल्कनीखाली जायचं आणि "इथे दिसतोय का?" विचारत यायचं. ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांनाही मॉनिटर दाखवा.

आधी कॅमेरा वळवून, खाली झुकवून पाहा. तरीही खिडकी येत असेल तर प्रायव्हसी मास्क लावा. डीव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या मशीनच्या) मेनूमध्ये चॅनेल, म्हणजे तो कॅमेरा, निवडला की हा पर्याय सापडतो. माऊसने चौकोन ओढायचा, तेवढा भाग चित्रात काळा होतो आणि रेकॉर्डिंगमध्येही काळाच राहतो. बहुतेक मशीनमध्ये एका कॅमेऱ्याला चार चौकोन मिळतात. आयपी कॅमेरा (नेटवर्कवर चालणारा) असेल तर मास्क शक्यतो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लावा. तो फक्त एनव्हीआरवर (आयपी कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या मशीनवर) लावला, तर कॅमेऱ्यात थेट लॉगिन करणाऱ्याला खिडकी दिसतच राहते. आणि मास्क चौकटीला चिकटलेला असतो, खिडकीला नाही. रंगारी शिडी टेकवतो, वादळी वाऱ्यात ब्रॅकेट ढिला होतो, कॅमेरा पाच अंश फिरतो, काळा चौकोन भिंतीवर आणि खिडकी पुन्हा उघडी. पावसाळ्यानंतर आणि रंगकामानंतर ही फेरी परत करा. फिरणारे कॅमेरे सोसायटीत घेऊच नका, त्यांची नजर कुठे आहे हे खालून कोणाला कळत नाही.

रात्री चित्र पांढरं-धुरकट येत असेल तर बहुधा कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश जवळच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत येतोय, किंवा काचेसमोर कोळ्याने जाळं विणलंय. भिंतीपासून कॅमेरा हातभर दूर घ्या, महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. नाहीतर हीच तक्रार पुढे करून कोणीतरी आणखी दोन कॅमेरे मंजूर करून घेतं.

आवाजाबद्दल ठाम राहा. हल्ली अनेक कॅमेऱ्यांत माईक आतच असतो आणि तो चालू अवस्थेत येतो. गेटपाशी, लिफ्टपाशी माणसं आजारपण, पैसे, घरातले वाद यांबद्दल बोलतात. चोरी उघडकीला आणायला त्या बोलण्याचा उपयोग नाही. प्रत्येक चॅनेलचं ऑडिओ बंद करा, मग पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग आवाज वाढवून ऐकून खात्री करा.

किती दिवस ठेवायचं

२ मेगापिक्सेल, एच.२६५ (चित्रण दाबून लहान करायची पद्धत), २ एमबीपीएस (सेकंदाला किती माहिती साठते तो वेग) या सेटिंगवर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण १७३ जीबी. १५ दिवसांना २.६ टीबी, ३० दिवसांना ५.२ टीबी. म्हणजे ४ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये २३ दिवस बसतात. जुन्या एच.२६४ वर त्याच दर्जाला जवळजवळ दुप्पट जागा धरा.

किती दिवस हवेत ते डिस्कवरून ठरवू नका, गरजेवरून ठरवा. गाडी गेलेली दुसऱ्या दिवशी कळते. पार्सल हरवल्याचं आठवड्यात. दिवाळीत गावाला गेलेलं कुटुंब दहा-बारा दिवसांनी परततं. यावरून १५ ते २० दिवस पुरतात. पण इथे एक खाच आहे: डीव्हीआर आपणहून काही पुसत नाही, डिस्क भरली की सगळ्यात जुन्यावर नवं लिहितो. डिस्क मोठी बसवली की मुदत कोणाच्याही ठरावाशिवाय दुप्पट होते. म्हणून स्टोरेजच्या मेनूमध्ये कालमुदतीचा आकडा दिवसांत भरा. तो पर्याय नसलेलं मशीन घेऊ नका. तक्रार आली तर तेवढा तुकडा वेगळा काढून ठेवायचा, बाकीचं वेळेवर जाऊ द्यायचं.

मशीन बदलताना जुन्या डीव्हीआरमधली हार्ड डिस्क आधी काढून घ्या. नुसतं फॉरमॅट केलेल्या डिस्कमधून चित्रण परत काढता येतं. पूर्ण डिस्क ओव्हरराइट करून घ्या किंवा ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा, मगच भंगारात द्या.

चाव्या कोणाकडे

सगळ्यात जास्त गळती इथे होते. इन्स्टॉलर आपल्या मोबाईलवर ॲप टाकून, क्यूआर कोड स्कॅन करून सिस्टीम चालू करून देतो आणि त्याच मोबाईलवर तुमचं गेट कायमचं दिसत राहतं. सोसायटीच्या नावाने ईमेल काढा, ॲपचं खातं त्यावर उघडा आणि इन्स्टॉलरच्या खात्यातून डिव्हाइस तुमच्यासमोर काढून टाकायला लावा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

मशीनवर तीन प्रकारची खाती करा. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, वर दोघांच्या सह्या. जुनं फुटेज पाहण्याचं खातं अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांना, दोघं मिळूनच उघडायचं. वॉचमनला फक्त थेट चित्र, तेही गेट आणि पार्किंगचं. केबिनमधला मॉनिटर असा ठेवा की बाहेर उभ्या असलेल्या कुरियरवाल्याला दिसणार नाही. प्रत्येक सभासदाच्या मोबाईलवर थेट चित्र द्यायची मागणी हमखास येते. ती नाकारा. चाळीस फोनवर गेलेलं चित्र कोण बघतंय, कोण रेकॉर्ड करतंय यावर कोणाचाच ताबा राहत नाही, आणि एखादीचा पाठलाग करणाऱ्याला तिची जाण्या-येण्याची वेळ घरबसल्या मिळते. कमिटी बदलली की पासवर्ड त्याच दिवशी बदला.

राउटरवर यूपीएनपी (इंटरनेटकडे आपोआप वाट उघडणारी सोय) बंद, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट मशीनपर्यंत पोचायची वाट) बंद, फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) वर्षातून दोनदा अद्ययावत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. नवे कॅमेरे घेताना सुरक्षा चाचणीचं एसटीक्यूसी (केंद्र सरकारची चाचणी यंत्रणा) प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक अटी पूर्ण कराव्या लागतात.

फुटेज मागितलं तर

एक शंभर पानी वही करा. रकाने: तारीख, मागणारा, कारण, कोणता कॅमेरा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिलं, कॉपी दिली का, कोणाला, दोघांच्या सह्या. ही वही कोणाही रहिवाशाला बघता आली पाहिजे. ती उघडी असते म्हणूनच "जरा बघू" थांबतं.

रहिवाशाने मागितलं तर त्याला त्याच्या घटनेपुरतं, कमिटीसमोर दाखवा. कॉपी हातात देऊ नका, कारण त्यात इतर माणसंही असतात. पोलिसांना हवं असेल तर लेखी पत्र घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते अशी मागणी करू शकतात, आणि चांगले तपास अधिकारी पत्र द्यायला नकार देत नाहीत. सिंहस्थ २०२७ च्या आधी रस्त्याकडे कॅमेरा वळवण्याची विनंती आली तर एक कॅमेरा जरूर द्या, पण सभेत ठराव करून, आणि फुटेज मागणीप्रमाणे. कायमचा लॉगिन पासवर्ड कोणालाही देऊ नका.

कॉपी काढताना मोबाईलने मॉनिटरचा व्हिडिओ काढायची सवय मोडा. त्याला पुरावा म्हणून वजन राहत नाही. डीव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात एक्स्पोर्ट करा, सोबत प्लेअरही घ्या. मशीनचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे ते त्याच क्षणी लिहून ठेवा. फाइलचा हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा अक्षर-आकड्यांचा ठसा) काढून नोंदवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लागतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटेज टाकू नका, "हा माणूस कोण, ओळखा" म्हणूनही नाही. पार्सल द्यायला आलेला मुलगा चोर म्हणून पाच ग्रुपांवर फिरला की त्याचा पत्ता चुकला होता हे नंतर कळून उपयोग नसतो. असं काही घडलंच तर १९३० ही हेल्पलाइन आर्थिक सायबर फसवणुकीसाठी आहे; बदनामीची आणि छायाचित्राच्या गैरवापराची तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे द्या.

चेहरा ओळखणारं यंत्र आणि गेटचं ॲप

विक्रेता हे "फक्त थोड्या जास्त पैशात" म्हणून सुचवेल. घेऊ नका. समजा यंत्र हजारात एकदाच चुकतं आणि गेटमधून दिवसाला दोन हजार ये-जा होतात. रोज दोन निरपराध माणसं अडवली जाणार, आणि ती बहुधा सफाईवाले, डिलिव्हरीची मुलं, कामाच्या बायका असणार, कारण सभासदाला अडवायची वॉचमनची हिंमत होत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागणार.

गेटच्या ॲपबद्दल चार गोष्टी बघा: पाहुण्याचा फोटो सक्तीचा आहे का, नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात, मदतनिसांना दिलेले तारे आणि शेरे बाकी सगळ्यांना दिसतात का, आणि काम सोडलेल्या बाईचं नाव-फोटो काढता येतं का. शेरे बंद ठेवा. एका घराशी पगारावरून झालेला वाद तिच्या नावापुढे राहिला तर तिला त्या सोसायटीत दुसरं काम मिळत नाही, आणि तो शेरा तिला स्वतःला दिसतही नाही. वहीच ठेवत असाल तर लक्षात घ्या, उघड्या वहीत आधीच्या पन्नास पाहुण्यांचे नंबर पुढच्या माणसाला दिसतात. फ्लॅट नंबर, नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे पुरतात.

दारावरच्या कॅमेरा-बेलचंही तेच. समोरासमोर फ्लॅट असतील तर ती बेल समोरच्यांचं उघडं दार दिवसभर टिपते. दाराच्या चौकटीला बाजूने तिरपी पाचर देऊन बसवा, हालचाल टिपायचा टापू आपल्या पायपुसण्यापुरता ठेवा, आणि बसवण्याआधी समोरच्या काकूंना मोबाईलवर चित्र दाखवून विचारा.

शेवटी फलक. गेटवर, डोळ्यांच्या उंचीला, किमान ए-३ आकाराचा, मराठी आणि हिंदीत: "या आवारात ८ कॅमेरे आहेत. कारण: वाहनचोरी व अनधिकृत प्रवेश. आवाज रेकॉर्ड होत नाही. चित्रण २० दिवसांनी पुसलं जातं. तक्रार व चौकशी: सेक्रेटरी, कार्यालयाची वेळ." खाली कार्यालयाचा नंबर. नुसतं "आपण सीसीटीव्हीच्या निगराणीत आहात" लिहिलेला तयार स्टिकर चालत नाही, त्यातून कोणाला काही विचारता येत नाही. कॅमेऱ्यांची संख्या किंवा दिवस बदलले की फलक त्याच आठवड्यात बदला.